चेन रूल: नारळ बाहेरून सोलतात, कंपोझिट फंक्शनसुद्धा

दरवर्षी बारावीचं डिफरन्शिएशन सुरू झालं की आठ-दहा दिवसांत माझ्या पडवीत तोच प्रश्न येतो, "ताई, आतलं फंक्शन कुठलं आणि बाहेरचं कुठलं हे ओळखायचं कसं?" चेन रूलचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, पण समोर गणित आलं की पेन थांबतं. मला स्वतःला बारावीत हे कुणी नीट सांगितलं नव्हतं, फळ्यावर थेट "यू घ्या" असं यायचं आणि यू म्हणून नेमकं तेच का घ्यायचं, दुसरं काही का नाही, हे विचारायची सोय नव्हती, मग मी उदाहरणं पाठ करून गेले आणि पेपरात जरा वेगळ्या तोंडवळ्याचं गणित आलं तिथेच अडकले. ते अजून लक्षात आहे. म्हणून इथे सगळं सावकाश लिहितेय, रत्नागिरीकडच्या माझ्या शिकवणीच्या मुलांना सांगते तसंच.

आधी लिहिण्याची पद्धत ठरवून घेऊ. एक्सच्या जागी मी क्ष लिहितेय आणि वायच्या जागी य, जुन्या मराठी गणिताच्या पुस्तकांत असायचं तसं. घातासाठी टोपी, म्हणजे क्ष^२ म्हणजे क्षचा वर्ग. डीवाय बाय डीएक्स आपण तोंडाने म्हणतो ते, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, क्ष किंचित बदलला की य किती पटीने बदलतो तो दर, इथे डय/डक्ष असं दिसेल. आणि लॉग म्हटलं की नॅचरल लॉग, ई पायाचा. बस.

आता कंपोझिट म्हणजे काय. एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्या फंक्शनच्या पोटात घातलं की कंपोझिट झालं. (३क्ष + २)^५ घ्या. क्ष घेतला, त्याला ३ ने गुणलं, २ मिळवले, आणि मग जे आलं त्याचा पाचवा घात केला. म्हणजे ३क्ष + २ आधी तयार झालं आणि पाचवा घात त्याच्यावर चढला.

ओळखायची माझी युक्ती एकच आहे आणि ती मी सगळ्यांना पहिल्या दिवशी देते. क्षच्या जागी एखादा आकडा घाला, समजा १, आणि हातात कॅल्क्युलेटर आहे असं धरून उत्तर काढायला लागा. सगळ्यात शेवटी कुठलं काम केलंत? ३ × १ = ३, त्यात २ म्हणजे ५, मग ५ चा पाचवा घात. शेवटचं काम घाताचं. जे शेवटचं काम ते बाहेरचं फंक्शन, आणि ते करायच्या आधी हातात जे होतं ते आतलं. हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली ना की अर्धं चॅप्टर संपलं असं समजा, कारण पुढे प्रॉडक्ट रूल (दोन फंक्शनच्या गुणाकाराचा नियम) लावायचा की चेन रूल याचंही उत्तर याच प्रश्नातून मिळतं, ते खाली येईलच.

मग नारळ. नारळ वाढला आतून की बाहेरून ते सोडा, आपण सोलतो मात्र बाहेरूनच. आधी सुळ्यावर सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, काढायचं, मग करवंटी फोडायची, मग खोबरं. आणि सोडण काढत असताना आतल्या खोबऱ्याला कोणी हात लावत नाही, ते जसंच्या तसं आत असतं. डेरिव्हेटिव्ह काढतानाही हेच. आकड्याचं उत्तर काढताना आपण आतून बाहेर गेलो, डेरिव्हेटिव्ह काढताना बाहेरून आत यायचं. बाहेरच्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह घ्या, आतलं तसंच ठेवा, एका अक्षराचाही बदल नको, आणि मग आतल्याच्या डेरिव्हेटिव्हने गुणा.

य = (३क्ष + २)^५
डय/डक्ष = ५(३क्ष + २)^४ × ३ = १५(३क्ष + २)^४

यातला तो × ३ म्हणजेच सगळा चेन रूल. सगळी भांडणं त्याच्यावरून आणि सगळे मार्क जातात ते त्याच्यापायी.

"पण ताई तो ३ कशाला?" हा प्रश्न जो विचारतो तो मला फार आवडतो, कारण तो पाठ करत नाहीये. त्याला मी घात कमी करून देते, पाचच्या जागी दोन. (३क्ष + २)^२ तर कंस उघडूनसुद्धा करता येतं, चेन रूलची गरजच नाही. ९क्ष^२ + १२क्ष + ४, याचं डेरिव्हेटिव्ह १८क्ष + १२. आता चेन रूलने, २(३क्ष + २) × ३ = १८क्ष + १२. तेच आलं. आणि ३ विसरलात तर ६क्ष + ४, जे चूक आहे हे तुमच्या डोळ्यासमोर आहे, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. शंका आली की छोटा घात घेऊन अशी पडताळणी करायची, एक मिनिट लागतं.

बरोबर येतं हे पटलं, आता का येतं ते बघू. क्ष = १ घ्या. आतलं ५, त्याचा वर्ग २५. आता क्षला किंचित ढकला, १ चा १.००१ करा. आतलं होतं ५, ते झालं ५.००३. म्हणजे आपण ढकललं एक हजारांश, पण आतल्या फंक्शनने तो धक्का तिप्पट करून पुढे दिला. आता वर्ग, ५.००३ चा वर्ग २५.०३०००९. म्हणजे ५ ला ०.००३ चा धक्का बसला आणि बाहेर पडला साधारण ०.०३० चा, दहापट, कारण वर्गाचं डेरिव्हेटिव्ह २ × ५ = १०. पहिल्याने तिप्पट केलं, दुसऱ्याने दहापट, एकूण तीसपट. सूत्रात क्ष = १ घालून बघा, १८ + १२ = ३०. धक्का एका हातातून दुसऱ्या हातात जातोय आणि प्रत्येक जण आपापल्या पटीने वाढवतोय, म्हणून गुणाकार. बेरीज नाही, गुणाकार. हे माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर कारण आहे आणि ते कुणीही वहीवर दोन ओळींत करून बघू शकतं.

आंब्याच्या दिवसांत मी हेच पेट्यांवरून सांगते. एका पेटीत समजा ५ डझन, एका डझनात १२ आंबे, तर एक पेटी वाढली की आंबे किती वाढले? ५ × १२ = ६०. कुणी ५ + १२ करत नाही. दर पेटीला डझन, दर डझनाला आंबे, दोन दर गुणले की दर पेटीला आंबे. मधला डझन आपोआप निघून गेला.

सावंतवाडीहून आंबोलीला एसटीने गेलात तर अजून एक उदाहरण मिळतं. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे, वर चढत गेलं की हवा गार लागायला लागते, सरासरीने दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं. गाडी घाटात मिनिटाला २० मीटर उंची चढते असं समजू. मग तापमान मिनिटाला किती उतरतंय? मीटरला ०.००६५ अंश, मिनिटाला २० मीटर, गुणा, मिनिटाला ०.१३ अंश. तापमान उंचीवर अवलंबून, उंची वेळेवर अवलंबून, म्हणजे तापमान हे वेळेचं कंपोझिट फंक्शन झालं आणि आपण आत्ता चेन रूल लावला, नाव न घेता. मधल्या पायरीला म म्हणूया, तर

डय/डक्ष = डय/डम × डम/डक्ष

बघायला असं वाटतं की वरचा डम आणि खालचा डम कटले. लक्षात ठेवायला ते छान आहे, मी पण तसंच लक्षात ठेवते, पण पेपरात प्रूफ म्हणून "डम कॅन्सल केला" असं लिहू नका, कारण हा साधा अपूर्णांक नाहीये, लिमिट आहे, आणि क्ष हलला तरी मधलं फंक्शन काही ठिकाणी जागचं हललंच नाही तर भागाकार शून्याने होईल. बारावीत तेवढं माहीत असलं की पुरे.

आता चुका. वर्षानुवर्षं वह्या तपासून माझ्याकडे चुकांची एक ठरलेली यादीच झालीय, त्यातल्या दोन फार महत्त्वाच्या.

साइन(क्ष^२) चं डेरिव्हेटिव्ह म्हणून मुलं कॉस(२क्ष) लिहितात. हे सगळ्यात जास्त. यात काय झालं, तर सोडण आणि खोबरं एकाच फटक्यात कापलं, बाहेरच्याचं पण डेरिव्हेटिव्ह घेतलं आणि आत जाऊन आतल्याचं पण तिथेच घेतलं. आतलं तसंच राहायला हवं होतं. बरोबर उत्तर

कॉस(क्ष^२) × २क्ष

म्हणजे २क्ष कॉस(क्ष^२). कंसाच्या आत अजून क्ष^२ आहे, २क्ष बाहेर आहे. सुरुवातीला मी मुलांना आतल्या भागावर चक्क बोट ठेवायला सांगते, बोटाखाली काय आहे ते विसरा, जणू तिथे फक्त डबा आहे. साइन डबा, त्याचं कॉस डबा. लिहिलं? आता बोट उचला, डब्यात जे आहे ते परत लिहा, मग डब्यातल्याच्या डेरिव्हेटिव्हने गुणा. बोट ठेवायला लाज वाटून घेऊ नका, महिनाभर ठेवा, नंतर आपोआप सुटतं.

दुसरी चूक साइन(क्ष^२) आणि साइन^२ क्ष एकच समजायची. दोन्हीत साइन आहे, दोन्हीत दोन आहे, पण कॅल्क्युलेटरचा प्रश्न विचारा. पहिल्यात आधी वर्ग आणि शेवटी साइन. दुसऱ्यात आधी साइन आणि शेवटी वर्ग, कारण साइन^२ क्ष म्हणजे (साइन क्ष)^२ हो, फक्त लिहायची पद्धत तशी आहे आणि ती पद्धतच मुलांना फसवते. तर दुसऱ्याचं डेरिव्हेटिव्ह २ साइन क्ष × कॉस क्ष, म्हणजे साइन २क्ष. मी तर सांगते की असं टोपीवालं साइन दिसलं की आधी कंस घालून परत लिहा, मगच पुढे जा.

थर तीन असले तरी पद्धत तीच. साइन^३(५क्ष) घ्या. आधी कंस, (साइन(५क्ष))^३. शेवटचं काम घन, त्याच्या आधी साइन, त्याच्या आधी पाचने गुणणं. सोडण, करवंटी, खोबरं.

३(साइन(५क्ष))^२ × कॉस(५क्ष) × ५ = १५ साइन^२(५क्ष) कॉस(५क्ष)

इथे होणारी चूक म्हणजे दुसऱ्या थराला थांबणं, तो शेवटचा ५ राहून जातो. कधी थांबायचं? नुसता क्ष हातात येईपर्यंत आत जात राहायचं. आत फक्त क्ष उरला की संपलं.

आता प्रॉडक्ट रूलचं जे वर म्हटलं होतं. क्ष^२ साइन ३क्ष बघा. इथे कुठला रूल? परत तोच प्रश्न, शेवटचं काम कुठलं? क्ष^२ काढला, साइन ३क्ष काढलं, आणि शेवटी दोघांचा गुणाकार केला. शेवटचं काम गुणाकार, म्हणून आधी प्रॉडक्ट रूल, आणि त्याच्या आत साइन ३क्षची वेळ आली की तिथे चेन.

२क्ष साइन ३क्ष + क्ष^२ × कॉस ३क्ष × ३ = २क्ष साइन ३क्ष + ३क्ष^२ कॉस ३क्ष

आणि साइन(क्ष^२ × ई^क्ष) असतं तर? शेवटचं काम साइन, म्हणून आधी चेन, आणि आतल्याचं डेरिव्हेटिव्ह काढताना प्रॉडक्ट. कुठला रूल आधी हे पाठ करायचंच नाही, गणितच सांगतं.

मला ज्या उदाहरणावर सगळ्यात जास्त वेळ घालवायला आवडतो ते भरतीचं. किनाऱ्यावरची मुलं असल्यामुळे त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि गणित चुकलं की ती समुद्रावरून ओळखतात. आमच्याकडची जुनी माणसं तिथीला पाऊण करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. यातला पाऊण हा खरं तर डेरिव्हेटिव्ह आहे, एक तिथी पुढे गेली की भरती पाऊण तास पुढे सरकते. घड्याळाने बघितलं तर भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, कारण चंद्रही दरम्यान पुढे गेलेला असतो, आणि एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत अंदाजे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे १२.४२ तास.

आता खाडीच्या धक्क्यावर पाण्याची उंची मोजायची आहे. पूर्ण भरतीला घड्याळ शून्यावर लावलं, व म्हणजे त्यानंतर गेलेले तास, उ म्हणजे मीटरमध्ये पाण्याची उंची. समजा मधली पातळी २ मीटर आणि पाणी तिच्या वरखाली १.२ मीटर जातं. तर

उ = २ + १.२ कॉस(०.५०६व)

०.५०६ कुठून आलं? पूर्ण एक फेरा म्हणजे २ × पाय (π) रेडियन, तो १२.४२ तासांत व्हायला हवा, म्हणून २ × पाय भागिले १२.४२, ते ०.५०६. खरा समुद्र एवढा साधा नसतो, चंद्राबरोबर सूर्यही ओढत असतो म्हणून अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती, पण शिकायला एवढं बास.

पाणी किती वेगाने उतरतंय? शेवटची कामं बाहेरून आत बघा. २ मिळवणं, त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. १.२ ने गुणणं, तो आकडा तसाच पुढे. मग कॉस, त्याचं −साइन, आतलं तसंच. मग आतलं ०.५०६व, त्याचं ०.५०६.

डउ/डव = −१.२ × ०.५०६ × साइन(०.५०६व) = −०.६०७ साइन(०.५०६व)

आता हे समुद्राशी जुळतंय का बघा. व = ० घातला तर साइन शून्य, वेग शून्य. बरोबर, पूर्ण भरतीला पाणी थांबल्यासारखं होतं, होडीवाले त्या वेळेची वाट बघतात ते उगाच नाही. पुढे वजा चिन्ह आहे, म्हणजे पाणी उतरतंय, ते पण बरोबर. साधारण ३.१ तासांनी साइन जवळजवळ १ होतं आणि पाणी तासाला ६१ सेंटीमीटरने खाली जातं, तो सगळ्यात जोराचा वेळ. ओहोटीच्या मध्यावर खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ सगळ्यात जास्त असते हे तिथली मुलं लहानपणापासून ऐकत आलेली असतात, इथे ते आकड्यात दिसतं.

आणि आता तो आतला ०.५०६ विसरून बघा. उत्तर येतं तासाला १.२ मीटर. पण पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत पाणी उतरतंच एकूण २.४ मीटर आणि त्याला लागतात सहा तासांच्या वर, म्हणजे सरासरी तासाला साधारण ३९ सेंटीमीटर. १.२ मीटर म्हणजे सरासरीच्या तिप्पट, एवढ्या जोराने आपलं पाणी कधी उतरत नाही. याच्याही आत एक गोष्ट आहे जी पुस्तकात सहसा कुणी सांगत नाही. −१.२ साइन हे काय आहे, तर दर रेडियनला किती मीटर. तासाला नाही, रेडियनला! ०.५०६ हा दर तासाला किती रेडियन ते सांगतो. दोन्ही गुणले तेव्हा कुठे दर तासाला मीटर मिळाले. आतलं डेरिव्हेटिव्ह विसरणं म्हणजे डझनाचा भाव पेटीचा भाव म्हणून सांगण्यासारखं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की तो गुणाकार विसरता येत नाही.

रेडियनचा विषय निघालाच आहे तर, साइनमध्ये क्ष अंश दिलेला असेल, म्हणजे डिग्रीचं चिन्ह असेल, तर उत्तर नुसतं कॉस क्ष नसतं. अंशाचं रेडियन करायला पाय/१८० ने गुणावं लागतं, ते आतलं फंक्शन झालं, म्हणून उत्तर पाय/१८० × कॉस(क्ष अंश). वरवर बघितलं तर आत काहीच दिसत नाही, आतलं फंक्शन त्या छोट्या गोल चिन्हात लपलेलं असतं.

रूटवाली गणितं. √(क्ष^२ + १६) म्हणजे (क्ष^२ + १६)^(१/२), शेवटचं काम रूट. उत्तर

(१/२)(क्ष^२ + १६)^(−१/२) × २क्ष = क्ष/√(क्ष^२ + १६)

याचा उपयोग बघा. समजा रत्नागिरीच्या दीपगृहासमोर समुद्रात ४ किलोमीटरवरून एक ट्रॉलर सरळ रेषेत किनाऱ्याला समांतर चाललाय, ताशी १२ किलोमीटरने. दीपगृहाच्या अगदी समोरून ३ किलोमीटर पुढे गेल्यावर तो दीपगृहापासून किती वेगाने लांब जातोय? अंतर √(क्ष^२ + १६), क्ष = ३ ला ते ५. अंतराचा क्षने बदलायचा दर ३/५, आणि क्ष स्वतः तासाला १२ ने वाढतोय, म्हणून ३/५ × १२ = ७.२, ताशी ७.२ किलोमीटर. बारा नाही, कारण त्याचा सगळा वेग दीपगृहापासून लांब जाण्यात लागत नाहीये. समोर असताना, म्हणजे क्ष = ० ला, तो दर शून्य येतो, आणि खूप लांब गेला की बाराच्या जवळ. दोन्ही पटण्यासारखं आहे की नाही?

रूटवरून एक गोष्ट सांगते, मुलं याने जरा मोकळी होतात. हा नियम पहिल्यांदा वापरलेला दिसतो तो लायब्निझच्या १६७६ च्या एका टिपणात, आणि त्याने घेतलेलं उदाहरण असंच होतं, रूटच्या आत द्विघाती पदावली. त्या टिपणात त्याची चिन्हाची चूक झालीय. ज्याने कॅल्क्युलस उभं केलं त्याची अधिक-उणेची चूक होऊ शकते, तर तुमची झाली म्हणून वही मिटू नका, फक्त उत्तरानंतर चिन्ह एकदा परत बघा. कॉसचं डेरिव्हेटिव्ह असेल तर दोनदा.

ई आणि लॉगबद्दल थोडक्यात. ई^(−क्ष^२) चं डेरिव्हेटिव्ह ई^(−क्ष^२) × (−२क्ष). इथे घाताचा नियम लावून घात खाली आणू नका, तो नियम खाली क्ष आणि वर आकडा असतो तेव्हाचा, इथे वर क्ष आहे. ई डबा याचं ई डबाच राहतं, आणि मग डब्यातल्याचं डेरिव्हेटिव्ह. लॉग डबा याचं एक भागिले डबा, गुणिले डब्यातल्याचं डेरिव्हेटिव्ह. लॉग(साइन क्ष) चं म्हणून कॉस क्ष भागिले साइन क्ष, म्हणजे कॉट क्ष. २^(५क्ष) असेल तर लॉग २ विसरू नका, २^(५क्ष) × लॉग २ × ५. आणि १/(क्ष^२ + १)^३ दिसलं की भागाकाराचा नियम काढून बसू नका, (क्ष^२ + १)^(−३) लिहा, उत्तर −६क्ष/(क्ष^२ + १)^४, दोन ओळींत संपतं.

कधीकधी सूत्र न देता नुसते आकडे देतात, त्यात ग′ म्हणजे ग चं डेरिव्हेटिव्ह. ग(१) = ४, ग′(१) = ३, फ′(४) = ७, फ′(१) = २, तर फ(ग(क्ष)) चं क्ष = १ ला डेरिव्हेटिव्ह किती? पुष्कळ जण २ × ३ = ६ करून मोकळे होतात. पण बाहेरच्या फंक्शनच्या हातात १ आलेलाच नाही, त्याच्या हातात आतल्याने दिलेला ४ आलाय. म्हणून फ′(४) × ग′(१) = ७ × ३ = २१. वरचा धक्क्याचा हिशेब आठवा, वर्गाची दहापट आपण ५ पाशी मोजली होती, १ पाशी नाही.

आणि क्ष^२ + य^२ = २५ सारखं आलं तर घाबरू नका, तिथेही हाच नियम आहे. य हा क्षवर अवलंबून, म्हणून य^२ हे डब्याचा वर्ग, त्याचं २य × डय/डक्ष. तो डय/डक्ष कुठून आला असं मुलं विचारतात, तो डब्यातल्याचं डेरिव्हेटिव्ह आहे, दुसरं काही नाही.

सरावाचं सांगते. पहिल्या दिवशी डेरिव्हेटिव्ह काढूच नका. पुस्तकातली वीस गणितं घ्या आणि प्रत्येकापुढे फक्त शेवटचं काम कुठलं ते लिहा, घात, साइन, गुणाकार, लॉग, बस एवढंच. दुसऱ्या दिवशी तीच वीस सोडवा आणि प्रत्येक थराचा गुणक वेगळा लिहा, लगेच सरळरूप देऊ नका, कारण सरळरूप देताना आतला गुणक हरवतो आणि मग चूक कुठे झाली ते सापडत नाही. सीईटीसारख्या ऑप्शनच्या पेपरात तर आतला गुणक विसरून आलेलं उत्तर बऱ्याचदा ऑप्शनमध्येच ठेवलेलं असतं, त्यामुळे उत्तर जुळलं म्हणून बरोबर असं धरू नका.

हे करून बघा. √(५ − क्ष^२), उत्तर −क्ष/√(५ − क्ष^२). टॅन(क्ष^३), उत्तर ३क्ष^२ सेक^२(क्ष^३). कॉस^४ क्ष, उत्तर −४ कॉस^३ क्ष साइन क्ष. लॉग(क्ष^२ + ४), उत्तर २क्ष/(क्ष^२ + ४). क्ष(२क्ष + १)^३, इथे आधी कुठला रूल ते तुम्हीच ठरवा, उत्तर (२क्ष + १)^२ (८क्ष + १) यायला हवं. आणि शेवटचं, वरच्या खाडीत पूर्ण भरतीनंतर बरोबर एक तासाने पाणी किती वेगाने उतरतंय? तासाला साधारण २९ सेंटीमीटर यायला पाहिजे. तासाला अर्धा सेंटीमीटर आलं तर चेन रूल बरोबर लागलाय, फक्त कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिलाय, तो रेडियनवर घ्या.